पाचशे रुपयांचा नवस

परतूर,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

लॉटरीत एक कोटी रुपये लागले तर तू सगळ्यात आधी काय करशील, असं तुम्ही भाऊबीजेला विचारलंत. आई तुम्हाला ओवाळत होती, मामी करंज्यांचं ताट घेऊन उभी होती, म्हणून तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण परतूरला परत आल्यावर खरोखरच वही घेऊन बसले. आमच्या शाळेत मुलींसाठी नीट स्वच्छतागृह, विज्ञानाची प्रयोगशाळा, गावात वाचनालय, वाचनालयाला ग्रंथपाल आणि ग्रंथपालाला वेळेवर पगार. बेरीज एक कोटी ऐंशी लाखांवर गेली. मग वही मिटली.

मुळात मला हा प्रश्नच पटत नाही. ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्याकडूनच थोडं थोडं गोळा करायचं, त्यातलं एकाला द्यायचं आणि बाकीच्यांना पुढच्या आठवड्याची आशा द्यायची, याला मी खेळ म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणाल, बी.एस्सी. झाल्यापासून पोरगी भाषणं फार करते. करते. तुमच्याच घरी तीन वर्षं राहून झाले ना बी.एस्सी., मग ऐकूनही घ्या.

मी शिकवते त्या आठवीच्या मुलांकडून शंभर ग्रॅम ज्वारी मोजून घेतली. तीन हजार दोनशे दाणे भरले. (थोडे एकमेकांवर फेकण्यात गेले, ते धरले नाहीत.) समजा सोडतीत दहा लाख तिकिटं आहेत. दहा लाख दाणे म्हणजे साधारण एकतीस किलो ज्वारी. त्यातल्या एकाच दाण्यावर लाल ठिपका आहे आणि डोळे बांधून तुम्हाला नेमका तोच उचलायचा आहे. तुमचं दर आठवड्याचं तिकीट म्हणजे हे.

याची मला एरवी एवढी काळजी वाटली नसती. पण नवरात्रात तुम्ही आणि मामी पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेलात आणि देवीपुढचं कुंकू उचलून तुम्ही नवस बोललात, की लॉटरी लागली की दुसऱ्या दिवशी मिल सोडीन. मामी हे मला किती आनंदानं सांगत होती! मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे. तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे. एकतीस वर्षं लोखंडी सळयांच्या मिलमध्ये भट्टीसमोर लाल सळया चिमट्यानं धरताय. कान त्या आवाजानंच गेले. आणि तिथून बाहेर पडणं तुम्ही एकतीस किलो ज्वारीतल्या एका दाण्यावर सोपवलंत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्हाला ऐकू यावं म्हणून मामी फोन स्पीकरवर लावते आणि मग माझं बोलणं तुमच्याशिवाय सगळ्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून पत्र.

तुमची,
तृप्ती


जालना,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. तृप्तीस तातेराव मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामीनं विचारलं, पोरीनं एवढं काय लिव्हलं? मी म्हणलं, ज्वारीचा भाव.

तुझा हिशोब वाचून लई हिंमत आली बघ. मला आजवर वाटत होतं, पहिलं बक्षीस म्हणजे तुमच्या परतूरच्या मोंढ्यातल्या धान्याच्या पोत्यांच्या सगळ्या थप्प्या उपसून एक दाणा काढायचा. अन् तू म्हणते फक्त एकतीस किलो! तेवढी तर आपल्या घरात दीड-दोन महिन्यांत संपती. तुझी मामी सूप घेऊन बसली की मोहरीएवढा खडा बी तिच्या बोटातून सुटत न्हाई. म्हणजे तुझा लाल ठिपक्याचा दाणा आपल्याच घरात कुठंतरी हाय. त्या भरात मी या आठवड्यात एकाऐवजी दोन तिकिटं घेतली. दुसऱ्याचं पाप तुझ्या माथी.

फक्त डोळे बांधायचं काही पटलं न्हाई. डोळे बांधून ज्वारी कोण निवडतं?

तुझी एक कोटी ऐंशी लाखाची यादी बी वाचली. त्यात तुझं सोताचं काहीच न्हाई. ज्या खोलीत राहून राह्यली तिथं धड पंखा न्हाई, अन् ग्रंथपालाच्या पगाराची काळजी! अशानं देवी म्हणत असंल, हिला दिले तर ही सगळे सरकारी कामाला लावती, त्यापेक्षा तातेरावच बरा.

अजून एक. तू दर साली पक्क्या नोकरीचे अर्ज भरते. जागा किती, भरणारे किती, याची ज्वारी मोजली का कधी? तुझ्या एका वर्षाच्या अर्जांच्या फीमध्ये माझी दोन वर्षांची तिकिटं येतेत. मी काही बोललो का? मंग.

मिलचं म्हणशील तर मी शब्दाचा पक्का हाय. लागू दे लॉटरी, दुसऱ्या दिवशी सोडतो. माझी कोशिश तर चालूच हाय, दर आठवड्याला तिकीट घेऊन राह्यलो. देवीलाच जल्दी न्हाई त्याला मी काय करू?

पंखा घे.

तुझा मामा,
तातेराव


परतूर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्रातली अर्जांची ओळ मी तीन दिवस शाळेत जाता-येता घोळवली. चौथ्या दिवशी उत्तर सुचलं. परीक्षेत अभ्यास चालतो, तिकिटाला अभ्यास चालत नाही. हा फरक मोठा आहे. पण जागा आणि अर्ज यांची ज्वारी मी खरंच मोजून पाहिली. आकडा तुम्हाला सांगणार नाही.

आता चेष्टा बाजूला ठेवून सरळ विचारते. मिल सोडायला तुम्हाला लॉटरी लागतेच कशाला? घर स्वतःचं आहे. तुमचा बबलूदादा पुण्यात नोकरीला लागला आहे. तुमचा फंड आहे. मामी तर म्हणते, माणूस घरी बसला तर मी शेवया विकून पण चालवीन, आणि ती चालवील. तुम्ही दहा वर्षांपूर्वीही म्हणत होतात की पुढच्या दिवाळीला सोडतो. मी तुमच्याकडे शिकायला आले तेव्हा म्हणालात, तुझी पदवी झाली की सोडतो. पदवी होऊन तीन वर्षं झाली. आता लॉटरी. मला तर शंका येते, की न लागणारी गोष्ट शोधूनच तुम्ही नवस बोललात.

शंका चुकीची असेल तर रागवा. बरोबर असेल तर लिहा.

कानाचं मशीन अजून कपाटातच आहे का?

तुमची,
तृप्ती

ता. क. पंखा घेतला. जुना आहे, पण फिरतो.


जालना,
२९ डिसेंबर २०२४

चि. तृप्तीस आशीर्वाद.

हे पत्र एकटीनं वाच. वाचून लपव.

सोबत एक तिकीट हाय. हरवू नको. त्याला लागलंय.

झालं असं की मी बुधवारी पाळी सुटल्यावर बसस्टँडवर गेल्तो. तिथल्या अप्पारावच्या टपरीवरूनच मी तिकीट घेतो हे तुला माहीत हाय. त्यानं माझं तिकीट यादीशी ताडून पाह्यलं अन् एकदम तोंड हलवायला लागला. मला काही ऐकू येईना. मंग त्यानं पंजा उघडून दाखवला. पाच! मला वाटलं पाच लाख. तृप्ती, खरं सांगतो, मी टपरीची फळी धरली. तितक्यात त्यानं गल्ल्यातून पाचशेची नोट काढून नाचवली. शेवटचे चार आकडे जुळले होते.

पाचशेसाठी मी टपरीला लोंबकळलो, ही गोष्ट त्यानं आतापर्यंत सगळ्या स्टँडला सांगितली असंल.

पण खरा घोळ पुढं हाय. मी नोट घ्यायला हात लांब केला अन् नवस आठवला. देवीपुढं मी रक्कम बोललोच न्हाई! मनात माझ्या बराबर पहिलं बक्षीस होतं. पण नवरात्राची गर्दी, तुझी मामी मागून कोपर मारून राह्यली, थोडक्यात बोला, मागं रांग हाय. त्या गडबडीत तोंडातून नुसतंच निघालं, लॉटरी लागली की मिल सोडीन. आता पाचशेची बी लॉटरीच. देवीनं म्हणलं, लागली की रे बाबा, तर मी काय सांगू?

मी अप्पारावला हातानंच म्हणलं, थांब, नोट देऊ नको. तिकीट खिशात घातलं अन् पळालो.

रात्रभर विचार करून मी एक वाट काढली. पैसे हातात आले न्हाईत तोवर लागली असं म्हणता येत न्हाई. तिकिटामागं मुदत छापली हाय, १५ फेब्रुवारी. तोवर वटवलं न्हाई तर तो नुसता कागद. नवस बी मोकळा, मी बी मोकळा. फाडावं तर देवीनं दिलेलं फाडल्यासारखं होतं. घरात ठेवावं तर मामीच्या हाती लागंल. म्हणून तुझ्याकडं पाठवतो. तू लॉटरीच्या विरोधात हाय, तू काही ते वटवणार न्हाईस. तुझ्यासारखी पक्की तिजोरी सगळ्या जालना जिल्ह्यात न्हाई.

मामीला बिलकुल कळू देऊ नको.

तुझा मामा,
तातेराव


परतूर,
५ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात लॉटरीचं तिकीट आलं आणि तेही लागलेलं. मी ते जाड शब्दकोशात ठेवलं आहे. रोज शाळेतून आल्यावर शब्दकोश उघडून ते आहे ना हे बघते. लॉटरी माणसाची झोप उडवते असं मी वर्गात सांगते, त्याला आता पुरावा मिळाला.

तुमची वाट वाचून आधी मी खूप हसले. देवीला मुदतीत पकडणारा भक्त मी अजून पाहिला नव्हता. पण नंतर राग आला, तोही लिहिते. तुम्हाला कोटीची आशा सुटत नाही, असं मला वाटतं. पाचशेवर मिल सोडली तर पहिल्या बक्षिसाची वाट बघायचं कारण संपतं. म्हणून पाचशे नकोत. यालाच मी लोभ म्हणते. तुमच्याबद्दल हा शब्द मी दोनदा लिहून खोडला, पण तुम्हीच मला शिकवलंत की खरं असेल ते लिहावं.

एकतीस वर्षं उकाड्यात काढलेला माणूस घरी येण्याला एवढा घाबरतो कशाला? मला खरंच समजत नाही. मामीला तर समजतच नसेल.

तुमचं गुपित मी आपणहून सांगणार नाही. पण मामीनं विचारलं तर खोटं बोलणार नाही. तिजोरी असले तरी मला तोंड आहे.

तुमची,
तृप्ती


जालना,
१६ जानेवारी २०२५

चि. तृप्तीस दैवशाला मामीचा आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल.

वाणाला या वर्षी प्लॅस्टिकच्या डब्या दिल्या. तुझी एक ठेवली हाय.

मी काही पत्र लिहिणारी न्हाई हे तू जाणते. पण तुझे मामा अन् तू दोघं पत्रं लिहून राह्यलात, तर मीच का मागं राहू? शिवाय फोनवर बोलले तर ते शेजारी बसून तोंडाकडं बघत बसतात.

तुझ्या मामाला पाचशेची लॉटरी लागली हे मला माहीत हाय. त्यांच्या आधीपासून. ते तिकीट खिशात विसरतात अन् धुण्यात लगदा होतो, म्हणून दर आठवड्याचा नंबर मी पिठाच्या डब्याच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवते. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नंदाबाईकडं पेपर बघते. चार आकडे जुळले ते पाहून मी तिच्या ओट्यावरच मटकन बसले. म्हणलं, देवीनं ऐकलं. संध्याकाळी हे घरी आले, जेवले, लॉटरीचं अक्षर काढलं न्हाई. त्या दिवसापासून तिकीट बी गायब. ते तुझ्याकडं असंल तर मला सांगू नको.

आता तुला म्हणून सांगते. रांग काही एवढी नव्हती. मीच मुद्दाम घाई केली. रक्कम बोलले असते तर सात जन्म मिलमधी गेले असते.

तू म्हणशील, मंग बोलत का न्हाई? मी बोलले तर ते येतील. पण मी ओढून आणलं म्हणून येतील, अन् मंग खाटेवर बसून भिंतीकडं बघतील. मला तसे नको. त्यांनी आपल्या तोंडानं सांगावं, दैवशाला, लागली लॉटरी, आलो मी घरी. त्याची वाट बघून राह्यले.

बाकी बरं हाय. त्यांचा निळा शर्ट मिलमधी हरवला म्हणे, नवा घेतला. अंगावरचा शर्ट हरवतो कसा, ते पुरुष माणसालाच माहीत.

मला माहीत हाय हे त्यांना सांगू नको.

तुझी मामी,
दैवशाला


जालना,
२७ जानेवारी २०२५

चि. तृप्तीस आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. लोभ हा शब्द वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. रागावलो न्हाई.

काल मिलमधी झेंडावंदन झालं. शेठनं जिलेबी वाटली. राष्ट्रगीत सुरू झालेलं मला समोरच्यांच्या तोंडावरून कळलं. संपलेलं कळलं न्हाई, कारण उन्हामुळं मी डोळे मिटले होते. उघडले तर सगळे जिलेबीच्या रांगेत अन् मी एकटा झेंड्यापुढं सावधान! सुपरवायझर म्हणाला, तातेराव, तुमच्यासारखा देशभक्त न्हाई. सगळे हसले, मी बी हसलो. मला दोन जिलेब्या जास्त मिळाल्या.

आता तू विचारलं ते सांगतो. एकदाच सांगतो.

भट्टी पेटून सळया ओढायचे सगळे गाडे फिरायला लागले की मिलमधी कुणालाच काही ऐकू येत न्हाई. बावीस वर्षाच्या पोराला न्हाई अन् मला बी न्हाई. सगळे हातानं बोलतात. मूठ वर केली की थांब. दोन बोटं फिरवली की जल्दी कर. पंजा छातीशी नेला की इकडं ये. चहाची खूण हाय, सुपरवायझर येऊन राह्यला त्याची हाय, अन् त्याला द्यायच्या शिवीची तर लई झ्याक खूण हाय, ती तुला दाखवणार न्हाई. आम्ही आठ तास हातानं गप्पा मारतो. हरिओम माझ्या शेजारी चिमटा धरतो, त्याच्या घरचं सगळं मला हातावरून ठाऊक हाय. तिथं मी बहिरा न्हाई, तृप्ती. पाळी सुटून फाटकाबाहेर आलो की बहिरा होतो. घरी मामी बोलती, मी हो म्हणतो. ती म्हणती, हो काय, मी विचारलं भाजी कोणती करू. मशीन कानात घातलं तर भांड्याचा आवाज डोक्यात खिळ्यासारखा शिरतो अन् माणसाचा आवाज तसाच लांब. घरी राहून मी दिवसभर काय करू? हो म्हणत बसू?

म्हणून मिल सुटत न्हाई. कोटी लागले असते तरी बहुतेक मी काहीतरी दुसरं काढलं असतं. तुझी शंका बरोबर होती. रागवलो न्हाई, लिहिलं.

माझी तब्येत ठणठणीत हाय. मागच्या पंधरवड्यात तेवढा एक निळा शर्ट गेला. एक तापलेली लाल सळई वाट सोडून आल्ती. हरिओमनं हात केला म्हणे, पण ती मागून आल्ती ना, मला दिसंल कसं? त्यानं कॉलर धरून असा ओढला की शर्ट मानेपासून कमरेपर्यंत फाटला. मी म्हणलं, बाबा, नवा होता. तर हा गडी रडायला लागला! त्यालाच मी चहा पाजला. मामीला यातलं काही सांगू नको, शर्टावरून उगं बोलंल.

मुदतीला आता वीसेक दिवस उरलेत. तिकीट सांभाळ.

तुझा मामा,
तातेराव


जालना,
९ फेब्रुवारी २०२५, दुपारी

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार.

वरचा गाव बघून दचकू नका. मी तुमच्याच घरी, तुमच्याच खाटेवर बसून लिहिते आहे. तुम्ही सकाळच्या पाळीला गेल्यावर आले आणि तुम्ही यायच्या आत साडेतीनच्या गाडीनं परतूरला जाईन. केलेलं समोरासमोर सांगायची हिंमत झाली नाही, हे आधी कबूल करते. पत्र मामीकडे ठेवते आहे.

पहिली गोष्ट, लोभ हा शब्द मी परत घेते. तो वर्गातल्या भाषणातून उचलून तुमच्यावर ठेवला होता. तुमच्याकडे तीन वर्षं राहिले, रोज तुमच्यासमोर जेवले आणि तुमचं ते 'हो' ऐकून मला वाटायचं, मामांना सगळं पटतं. ते ऐकूच येत नाही म्हणून होतं, हे मला पत्रातून कळावं याची लाज वाटते.

दुसरी गोष्ट शर्टाची. तुम्ही ती जिलेबीनंतर, चार ओळींत आणि हसत लिहिलीत. मी ती हसत वाचलीसुद्धा. मग रात्री वह्या तपासताना हात थांबला. 'मागून आल्ती.' मामा, तुमच्या खुणा समोरच्या माणसासाठी आहेत. पाठीला कोण खूण करणार? पुढच्या वेळी हरिओमभाऊ चहाला गेलेले असले तर?

म्हणून आज आले. स्टेशनवरून आधी हरिओमभाऊंच्या घरी गेले, त्यांची आज सुट्टी होती. त्यांनी मला किती अंतर राहिलं होतं ते हातानं दाखवलं. एक वीत. मी त्यांना घेऊनच इथं आले.

मामीला मी सगळं सांगितलं. तिकिटाचं सांगितलं, तर म्हणाली, माहीत आहे. तिनं मला पत्र लिहून ते कळवलं होतं आणि तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. तुम्ही म्हणालात मामीला सांगू नको. दोघांनी मिळून मला असं कोंडीत धरलं होतं, की शेवटी मी दोघांचंही फोडलं. रांगेचं काय ते तीच सांगेल, तिला विचारा आणि मग तिच्या तोंडाकडे नीट बघा.

शर्टाचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं उठून गॅस बंद केला. परत येऊन हरिओमभाऊंना विचारलं, "कुठून फाटला होता?" त्यांनी स्वतःच्या मानेपासून कमरेपर्यंत बोट नेलं. मामी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, जेवून जा."

जेवताना मी त्यांना म्हटलं, मिलमधल्या खुणा आम्हाला शिकवा. ते लाजले. मामी म्हणाली, लाजता काय, भाकरी हवी असली तर खूण करून मागा. मग काय, तासभर या घरात कुणी बोललंच नाही. थांब, ये, जल्दी, चहा, गरम आहे, पुरे. मामीला 'पुरे' सगळ्यात आधी आलं. पोळी-भाजीच्या खुणा मिलमध्ये नाहीत, म्हणून तिनं स्वतः तयार केल्या. मेथीची खूण आणि शेपूची खूण यावरून तिचं आणि हरिओमभाऊंचं हातांनीच भांडण झालं. ती शिवीची खूणही तिनं विचारली. भाऊंनी दाखवली नाही, पण मला वाटतं ती तुमच्याकडून शिकेल. सुट्टीत यायचं कबूल करून मी तुमच्यावर काही उपकार करत नाही. मला स्वतःलाच तुमच्याशी पत्राशिवाय बोलायचं आहे, म्हणून येत जाईन.

एवढ्यानं घरी दिवस जाईल का, मला माहीत नाही. मामीचं आणि तुमचं हातांनी रोज भांडण होईल, एवढं मात्र मला दिसतं आहे.

आता तिसरी गोष्ट. मी घरातली पहिली पदवीधर आहे, गणित शिकवते, नवसावर माझा विश्वास नाही आणि लॉटरीच्या विरोधात मी तुम्हाला चार पानी पत्रं लिहिली आहेत. तुमचा माझ्यावर भरवसा याच कारणासाठी होता. गेला आठवडाभर मी स्वतःला विचारत होते, की विश्वासानं दिलेली वस्तू जपणं मोठं, की जपल्यानं माणूस परत भट्टीकडे पाठ करून उभा राहणार असेल तर ती न जपणं मोठं. त्याचं तत्त्वज्ञान मला पूर्ण जमलं नाही. पण मुदत तत्त्वज्ञानासाठी थांबत नव्हती.

सकाळी हरिओमभाऊंना रिक्षात थांबवून मी बसस्टँडवर अप्पारावांच्या टपरीवर गेले. ओढणी कपाळापर्यंत घेतली होती, कुणी पालक भेटले तर काय घ्या. तिकीट पुढं केलं. अप्पारावांनी नंबर पाहिला आणि म्हणाले, "अहो बाई, हे तातेरावांचं! दीड महिना झाला, रोज टपरीसमोरून तोंड फिरवून चाललेत. मला वाटलं पाचशेच लागले म्हणून माझ्यावर रुसले." मग म्हणाले, "चारशे रोख देतो, शंभराची नवी तिकिटं घ्या. तुमच्या हाताला यश दिसतंय." मी म्हटलं, सगळे रोख द्या.

नोट मामीच्या हातात दिली. तिनं ती डोळ्याला लावली, पदर खोचला आणि आता ती देवीसाठी नारळ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आहे. ती येईपर्यंत हे लिहून संपवते.

मिलमध्ये मी कुणाला काही सांगितलेलं नाही. नवस तुम्ही बोललात, तो पाळायचा की मोडायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. मोडलात तर तेही सरळ देवीला सांगा, मुदतीच्या आड लपू नका. माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण उद्या सकाळी घरी बसून रागवा. पैसे हातात आले नाहीत, हे आता म्हणता येणार नाही. अप्पारावांनी तिकिटावर निळ्या पेनानं आडवी रेघ मारली आणि ते आपल्याकडे ठेवून घेतलं. सकाळी साडेदहा वाजता.

तुमची,
तृप्ती